मानपानाचं भांडण वाचायचं कसं

आमच्या सोसायटीत लिफ्टवरून राडा झाला त्याला आता वर्ष होईल. लिफ्ट दोन आहेत, पुढची आरसेवाली आणि मागची, जिच्यातून सामान चढतं. कमिटीने एक दिवस नोटीस लावली की खालील सर्वांनी फक्त मागची लिफ्ट वापरावी आणि खाली यादी दिली. १. कचऱ्याचे डबे, २. फर्निचर व बांधकाम साहित्य, ३. पाळीव कुत्रे, ४. डिलिव्हरी बॉय, ५. कामवाल्या बायका. दुसऱ्या दिवशी अकरा जणी कामावर आल्याच नाहीत. मग काय, ग्रुपवर सुरू, एवढ्याशा लिफ्टसाठी कोणी काम सोडतं का, पगार वाढवून हवा असेल, कोणीतरी फूस लावलीये, आता यांची पण युनियन होणार वगैरे वगैरे. कमिटीने तर (खरंच सांगते) महिना शंभर रुपये "जिना भत्ता" द्यायची आयडिया काढली आणि आपण किती उदार आहोत म्हणून एकमेकांना अंगठे पण दाखवले.

तिसऱ्या दिवशी आमच्याकडच्या मावशी आल्या, हिशोब करायला. म्हणाल्या, "लिफ्टचं काय घेऊन बसलात ताई, चार मजले मी रोज चढीन. पण ती यादी वाचली का तुम्ही? आम्ही पाचव्या नंबरला आहोत. कुत्र्याच्या खाली."

मी वाचली होती ती नोटीस, दोनदा. नंबर दिसले नव्हते मला.

मी एमएला समाजशास्त्र केलंय आणि तिथे "रेकग्निशन थिअरी" नावाचा, म्हणजे बाकीच्यांनी आपल्याला जमेत धरणं माणसाला का लागतं याचा, एक पूर्ण टॉपिक होता, त्यावर सोळा मार्कांचं उत्तर लिहून मी ती पार विसरून गेले होते. मावशींच्या त्या एका वाक्याने सगळं परत वर आलं. तर हे त्यातलंच जरा कामाच्या भाषेत लिहितेय, ज्यांना कधी ना कधी कोणाचं तरी भांडण सोडवायला बसावं लागतं त्यांच्यासाठी, म्हणजे कमिटीवाले, शिक्षक, युनियनवाले, घरातली मोठी सून, आणि ज्यांना हा चॅप्टर नुसता पाठ करायचाय त्या नेट-सेटवाल्यांसाठी पण.

आधी शब्दाचं बघू. पुस्तकात रेकग्निशनला मान्यता किंवा अभिस्वीकृती म्हणतात, आणि अभिस्वीकृती म्हटलं की मला पत्रकारांचं कार्डच आठवतं. मान्यता म्हटलं की कॉलेजला मिळालेली मान्यता, म्हणजे वरून खाली आलेला कागद. आपल्याकडे याहून भारी शब्द आहे, विचारणं. "मला या घरात विचारतं कोण?" "तुला कोण विचारतंय?" विचारणं म्हणजे प्रश्न करणं आणि विचारणं म्हणजे जमेत धरणं, दोन्ही एकाच शब्दात, आणि खरं सांगायचं तर या अख्ख्या थिअरीचा अर्धा मुद्दा तिथेच संपतो. ज्याला काही विचारलं जात नाही त्याला कोणी विचारत नाही. दुसरा शब्द ओळख. रस्त्यात समोरासमोर येऊन ओळख न दाखवणं किती लागतं ते गावाकडच्या माणसाला विचारा. आणि तिसरा, सगळ्यात वजनदार, माणुसकी. आज आपण तो दया वगैरे अर्थाने वापरतो, पण आंबेडकरी चळवळीत "माणुसकीचे हक्क" म्हटलं की त्याचा अर्थ सरळ होता, आम्हाला माणसात धरा.

आता कामाला लागू.

सगळ्यात पहिलं, भांडणात "एवढ्याशा" हा शब्द कोण वापरतंय ते पकडा. एवढ्याशा कारणावरून, एवढ्याशा शब्दावरून, एवढ्याशा खुर्चीवरून. हा शब्द आला की समजायचं की वस्तू छोटी आहे आणि तिच्या मागे जे आहे ते बोलणाऱ्याला दिसत नाहीये. आणि हा शब्द नेहमी त्याच बाजूने येतो जिला ती वस्तू फुकटात मिळत असते. एकदा लक्ष ठेवून बघा.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या घरचंच आहे, महाडचं. २० मार्च १९२७, बाबासाहेब आणि परिषदेला आलेले हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण त्याच्या आधीचं जे आहे ना ते नीट बघा. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्येच पास झाला होता की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने पण १९२४ मध्ये ठराव करून तळं खुलं केलेलं. म्हणजे कागदावर मान्यता होती, एकदा नाही दोनदा. आणि तरी तीन वर्षं कोणी पाण्याला हात लावू शकलं नव्हतं. त्या दिवशी लोक पाणी प्यायले, त्यानंतर देवळात घुसणार अशी अफवा उठली, परत जाणाऱ्या लोकांना मारहाण झाली, आणि मग तळ्याचं मंत्र म्हणून गोमूत्र-शेण ओतून "शुद्धीकरण" झालं. पाणी तेच होतं. गुरंढोरं त्याच तळ्यावर पीत होती. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला, डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेच्या वेळी कोर्टाचा मनाई हुकूम आला, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

त्या डिसेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी हे अगदी स्पष्ट सांगितलंय की या तळ्याचं पाणी प्यायल्याने आपण काही अमर होणार नाही, आजवर प्यायलो नाही म्हणून मेलो पण नाही, आपण तिथे जायचं ते इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला. आता याच्या शेजारी "चार मजले मी रोज चढीन" ठेवून बघा. कुठे महाड आणि कुठे आमची सोसायटी, तुलना करायची लायकी नाही आमची, पण वाक्याची ठेवण एकच आहे. वस्तूशिवाय माझं अडत नाही, पण.

हा जो "पण" आहे तो ऐकायचा. भांडण ऐकताना वहीत दोन कॉलम करा, एकात लोक काय मागतायत ते आणि दुसऱ्यात "पण"च्या नंतर काय येतं ते. दुसरा कॉलम महत्त्वाचा.

त्यानंतर बघायचं की कसला मान. इथे ॲक्सेल होनेथ नावाचा जर्मन फिलॉसॉफर कामाला येतो, फ्रँकफर्टवाला, १९९२ मध्ये त्याचं यावरचं मुख्य पुस्तक आलं. तो म्हणतो माणसाला तीन प्रकारे "विचारलं" जावं लागतं. एक जिव्हाळ्यात, घरात, मित्रांत, जिथे तुझं दुखलं खुपलं कोणी बघतं, त्यातून माणसाचा स्वतःवर भरवसा बसतो. दुसरं हक्कात, कायद्यासमोर, की हा पण एक शहाणासुरता माणूस आहे, याला पण कळतं, याची पण सही चालते, त्यातून स्वाभिमान येतो. तिसरं कदर, की तू जे करतोस त्याने चार लोकांचं काहीतरी चालतं, त्यातून आपली काहीतरी किंमत आहे हे वाटतं. आणि तिन्हींचे तीन अपमान. मारझोड आणि बलात्कार पहिल्याचा, कारण आपलं अंगच आपलं राहत नाही. हक्क नाकारणं दुसऱ्याचा. हिणवणं तिसऱ्याचा. होनेथचं म्हणणं असं की समाजातली मोठमोठी आंदोलनं नुसत्या स्वार्थाच्या गणितावर उठत नाहीत, आपला अपमान होतोय ही भावना जेव्हा एकट्याची न राहता "अरे तुझं पण तेच?" अशी होते तेव्हा उठतात. अकरा जणी एकाच दिवशी घरी बसल्या त्या अशाच, गेटबाहेरच्या बाकावर तो कागद एकमेकींना वाचून दाखवून.

हे तीन खाने वेगळे ठेवायचे कारण एकातलं औषध दुसऱ्याला चालत नाही, आणि आपण नेमकं तेच करतो. हक्क मागणाऱ्याला जिव्हाळा देतो. "अहो आम्ही तर तुम्हाला घरच्यासारखंच समजतो" हे वाक्य आमच्या ग्रुपवर त्या दोन दिवसांत किमान दहा वेळा आलं असेल. घरच्यासारखं म्हणजे काय, तर दिवाळीला साडी, मुलाच्या फीला उचल, आजारी पडली तर डॉक्टर, हे सगळं खरंच करतात लोक, खोटं नाही म्हणत मी. पण आठवड्याची भरपगारी सुट्टी हा हक्क आहे का असं विचारलं की शांतता. घरच्या माणसाला सुट्टी कसली!

कदरेच्या खान्यातलं एक चांगलं उदाहरण पुण्यात आहे. कचरा गोळा करणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि सुरुवातीच्या मोठ्या गोष्टींपैकी एक काय मिळवली तर महापालिकेने मान्य केलेलं ओळखपत्र. त्याआधी पहाटे पोतं घेऊन हिंडणारी बाई म्हणजे पोलिसांच्या आणि बंगलेवाल्यांच्या नजरेत आधी चोर, मग जमलं तर माणूस. ओळखपत्राने तिचं पोतं हलकं झालं नाही, भंगाराचा भाव वाढला नाही, पण ती शहरासाठी काहीतरी काम करतेय हे शहराने लेखी कबूल केलं. पुढे २००८ मध्ये त्यातूनच स्वच्छ ही सहकारी संस्था निघाली आणि घरोघरचा कचरा घ्यायचं काम त्यांना अधिकृतपणे मिळालं. आणि शब्द पण बदलायला लागला, कचरेवालीची कचरावेचक झाली, त्यातला अर्थ बघा, कचऱ्यातून निवडून काढणारी, म्हणजे डोकं चालवणारी. एकाच कार्डात दुसरा खाना पण आणि तिसरा पण.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि बहुतेक लोक नेमका इथेच चुकतात. मान कोणाकडून हवाय?

हेगेल या जुन्या जर्मन फिलॉसॉफरने १८०७ मध्ये मालक आणि गुलामाची एक गोष्ट सांगितली, खूप फेमस आहे, समजायला किचकट आहे, मी आपली सोपी करून सांगते. दोन माणसं समोरासमोर येतात, दोघांनाही वाटतं समोरच्याने मला मानावं. मारामारी होते, जिवावर येते. एकाला जीव प्यारा होतो, तो शरण जातो आणि गुलाम होतो. दुसरा मालक. आता मालकाला हवं ते मिळालं, समोरचा मान तुकवून उभा आहे. पण मजा अशी की त्याला काही समाधान नाही, कारण ज्याला मी माणूसच समजत नाही त्याने मला मान दिला काय आणि न दिला काय. पोपटाने साहेब म्हटल्यासारखं. मान तेव्हाच चढतो जेव्हा देणाऱ्याला पण मी मानतो. म्हणजे हे कायम दुहेरी असतं, एकेरी चालूच शकत नाही, एकेरी केलं की दोघांचंही नासतं. उलट गुलाम राबतो, मातीला, लाकडाला आकार देतो आणि त्या वस्तूत त्याला हळूहळू स्वतः दिसायला लागतो, असं हेगेलचं पुढचं म्हणणं.

यावर फ्रांत्झ फॅनॉन म्हणजे मार्टिनिक बेटावरचा काळा मानसोपचारतज्ज्ञ, त्याने १९५२ मध्ये एक जबरदस्त खोच काढली. तो म्हणाला, हेगेलच्या गोष्टीत मालकाला निदान गुलामाकडून मान तरी हवा असतो, वसाहतीतल्या गोऱ्या मालकाला तो पण नकोय, त्याला फक्त काम हवंय. हे वाचून मला आमच्या गेटचं ॲप आठवलं. त्या ॲपवर प्रत्येक कामवालीचा फोटो असतो, ती किती वाजता आत आली ते येतं आणि तिला स्टार देता येतात, पाचपैकी, वक्तशीरपणा, स्वच्छता, वागणूक. आमच्या मावशींना ४.२ आहेत. त्यांच्या नातवाने त्यांना ते मोबाईलवर दाखवलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "आम्हाला नाही का देता येत स्टार तुम्हाला?" मी हसले आणि विषय संपवला. म्हणजे मला उत्तर माहीत होतं म्हणून हसले.

तर तुमच्या भांडणात हे तपासा, की इथे कोण कोणाला मार्क देतंय, आणि उलट्या दिशेने काही जातंय का. जात नसेल तर तुम्ही कितीही गोड बोला, सत्कार करा, ते वरून खालीच येणार.

सत्कारावरून पैशाचा मुद्दा, कारण "त्यांना पैसे नकोत, सन्मान हवाय" असं म्हणणारा माणूस बहुधा पैसे वाचवत असतो. मानधन हा शब्द घ्या. मान अधिक धन, किती छान वाटतं ऐकायला, आणि व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की याला पगार म्हणायचं नाही. सरकारी आरोग्य योजनेतल्या आशा ताई २००५ पासून गावोगाव गरोदर बायकांच्या नोंदी, लसीकरण, औषधं सगळं करतायत, पण त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका, म्हणून वेतन नाही, मोबदला आणि मानधन. मार्च २०२० मध्ये आपण सगळ्यांनी बाल्कनीत उभं राहून थाळ्या वाजवल्या, मी पण वाजवली, आणि जून २०२१ मध्ये त्याच आशांना महाराष्ट्रात संपावर जावं लागलं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा मोठा पुरस्कार देऊन गौरव केला. मान आला जिनिव्हाहून, धनाचं काय ते तेव्हा तसंच.

या मुद्द्यावर होनेथ आणि नॅन्सी फ्रेझर या अमेरिकन फिलॉसॉफर बाईंचा मोठा वाद झालाय, २००३ मध्ये दोघांनी मिळून पुस्तकच काढलं. फ्रेझरबाईंचं म्हणणं असं की अन्यायाचे दोन वेगळे धागे असतात, एक वाटपाचा आणि एक दर्जाचा, एकातून दुसरा आपोआप सुटत नाही, आणि नुसतं मान मान करत बसलात तर पोटाचा प्रश्न मागे पडतो. होनेथ म्हणतो की अहो पगार कमी असणं हीच तर कदर नसण्याची खूण आहे, म्हणजे मूळ मानाचंच. परीक्षेत दोघांचं लिहा. व्यवहारात मला फ्रेझरबाई जास्त पटतात, कारण दोन वेगळे हिशोब ठेवले की लबाडी लवकर पकडता येते, इकडे शाल-श्रीफळ दिलं म्हणून तिकडे काय कापलं ते दिसतं.

आणि उलटं पण होतं, म्हणजे पैशाचं म्हणून लक्षात राहिलेल्या भांडणात मानाचा धागा लपलेला असतो. मुंबईचा गिरणी संप, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला, अडीच लाखांच्या आसपास कामगार. लोकांना आठवतं पगारवाढ, बोनस, दत्ता सामंत. पण एक मागणी अशी होती की तो १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, कारण त्या कायद्याने गिरण्यांमध्ये कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगार म्हणत होते ती आमची नाही, कायदा म्हणत होता तीच तुमची. आपल्या वतीने कोण बोलणार हे सुद्धा ज्याला ठरवता येत नाही त्याच्याशी मालक आणि सरकार बोलणार तरी काय.

आता एक सावधगिरी, नाहीतर हे सगळं वाचून तुम्ही प्रत्येक रुसलेल्या माणसाच्या मागे धावाल. महाडला ज्यांनी तळं "शुद्ध" केलं त्यांना पण वाटतच होतं की आमचा अपमान झाला. लग्नात वरमाईला पण वाटतं. पोळ्याला मानाचा बैल कोणाचा यावरून डोकी फुटतात तिथे पण दोन्ही बाजूंना मनापासून लागलेलं असतं. लागलं म्हणजे बरोबर, असं नाही ना.

मी एक साधी टेस्ट वापरते, जो मान मागितला जातोय तो सगळ्यांना दिला तर उरतो का? चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांनी प्यायलं तरी प्रत्येकाच्या वाट्याचं माणूसपण तेवढंच राहतं. पण सगळ्यांचे बैल पहिले नाही जाऊ शकत, एकाचा मान म्हणजे बाकीच्यांनी मागे उभं राहणं. कॅनडातला फिलॉसॉफर चार्ल्स टेलर यावर १९९२ च्या आपल्या निबंधात बोललाय, की जुन्या जगात प्रतिष्ठा होती, ती काहींनाच असली तरच प्रतिष्ठा, आणि नव्या जगात माणूस म्हणून जी किंमत आली ती सगळ्यांना असली तरच तिला अर्थ. आपली गंमत अशी की आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द आहे, मान, त्यामुळे सवर्णाचा दुखावलेला रुबाब आणि दलिताची माणुसकीची मागणी एकाच वाक्यात घालून "दोन्ही समाजांच्या भावना" असं लिहायची पेपरवाल्यांची सोय होते. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर आठवा. २७ जुलै १९७८ ला ठराव झाला, मराठवाडा पेटला, वस्त्या जाळल्या, आणि शेवटी १४ जानेवारी १९९४ ला नामांतर नव्हे "नामविस्तार" झाला, "मराठवाडा विद्यापीठ" तसंच ठेवून त्याच्या आधी बाबासाहेबांचं नाव जोडलं. साडेपंधरा वर्षं. आणि या सगळ्या काळात "नावात काय आहे" म्हणणारे लोक होते, ज्यांना नावात काहीच वाटत नव्हतं तर विरोध कशाला करत होते ते आजवर कळलं नाही मला.

बरं, आता बैठक घ्यायची वेळ आली तर काय करायचं. हे सगळं आमच्याकडे चुकून चुकून शिकलेलं आहे.

नोटीस आधी काढा. "चर्चा झाल्यावर काढू" असं नको, अपमान चालू ठेवून त्यावर चर्चा होत नसते. आमच्या सेक्रेटरींना हे पटायला एक पूर्ण दिवस गेला.

खुर्च्या बघा. आमच्या क्लबहाउसमध्ये बैठक ठेवली, कमिटी टेबलामागे बसली, बायका आल्या त्या दाराशी उभ्या. बसा म्हटल्यावर त्या खाली फरशीवर बसल्या, सवयीने. कोपऱ्यात वीस प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या होत्या आणि आम्हा पंधरा सुशिक्षित लोकांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, शेवटी वॉचमन काकांनी न विचारता खुर्च्या सोडवून मांडायला घेतल्या. त्या दोन मिनिटांचा खुर्च्यांचा खडखडाट मला अजून ऐकू येतो. फ्रेझरबाईंचा जो मोठा शब्द आहे ना, सहभागातली समानता, तो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून येतो.

"काय पाहिजे तुम्हाला?" असं सुरुवातीला विचारू नका, लगेच दुकान-गिऱ्हाईक होतं. "काय झालं?" विचारा आणि गप्प बसा. त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. आमचे एक काका "म्हणजे यांना असं म्हणायचंय की" करत होते सारखे, त्यांना चहा आणायला पाठवावं लागलं.

बैठकीच्या मिनिट्समध्ये त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा आणि तिथेच वाचून दाखवा. कुत्र्याच्या खाली हे शब्द आमच्या मिनिट्समध्ये आहेत.

माफी मागताना "कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर" हे वाक्य वापरलं तर माफी मागूच नका, त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं. काय केलं आणि कोणी केलं एवढं सांगायचं. आमच्याकडे चेअरमननी सांगितलं, यादी मी टाइप केली, नंबर देताना विचार केला नाही, चूक माझी. पाच सेकंद लागले. त्यानंतर हवा बदलली.

आणि त्यांना पण एखादा नियम करू द्या जो तुम्हाला पाळावा लागेल. हे सगळ्यात जड जातं. आमच्याकडे लिफ्टचा विषय दहा मिनिटांत संपला आणि मग खरा विषय निघाला, जो कोणाच्याच लिस्टवर नव्हता. एक तरुण मुलगी होती, ती म्हणाली, जाताना गेटवर आमच्या पिशव्या तपासतात, सगळ्यांसमोर, तपासायच्या तर सगळ्यांच्या तपासा. काय गोंधळ झाला म्हणून सांगू! आमच्या पिशव्या? आम्ही मालक आहोत! बरोबर होनेथचा दुसरा खाना, समोर बसलेला. तपासणी बंद व्हायला पुढे दोन महिने लागले आणि ती पण एकमताने वगैरे अजिबात नाही. भरपगारी सुट्टीचं तर अजून काहीच झालेलं नाही, प्रत्येक घर आपापलं बघतं.

एक प्रामाणिकपणे सांगायला हवं, की हे सगळं बैठकीने होतं असा समज करून घेऊ नका. त्या अकरा जणी दोन दिवस घरी बसल्या नसत्या तर कसली बैठक आणि कसलं काय. "मागून मान मिळत नाही" असं आपल्याकडे लोक ऐकवतात गप्प बसवायला, आणि वाक्य खरंच आहे, मागून मिळत नाही म्हणूनच तर लोक तळ्यावर जातात, संप करतात. महाडला कोणी बैठक बोलावली नव्हती. तुम्ही कमिटीवर असाल तर तुमचं काम एवढंच की समोरच्याला तिथवर जावं लागायच्या आधी नंबर दिसले पाहिजेत.

मी परवा मावशींना विचारलं, तुम्ही आम्हाला किती स्टार द्याल? त्या भांडी घासत होत्या, त्यांनी नळ बंद केला, नीट विचार केला आणि म्हणाल्या, "साडेतीन." मी म्हटलं साडेतीनच? "चहा चांगला देता, वेळेवर पगार देता. पण सुट्टी मागितली की तुमचं तोंड बघवत नाही ताई."